बिरुद

"लिंगैक्य म्हंजे मेला की ओ, पावणं," गूळवाले म्हणाले, आणि विश्वजितच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं. ते काढून घ्यायचं त्याला सुचलं नाही.

गूळवाले गडहिंग्लजकडचे. राजारामपुरीतल्या त्याच्या चिंचोळ्या ऑफिसात पहिल्यांदाच आले होते, आणि तंबाखू मळता मळता सहज बोलून गेले होते. त्यांना गुळाची वेबसाइट करून हवी होती. कशी हवी म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्या मेलेल्या चित्रकाराची केलीया न्हवं तुम्ही, तसली करा. आमच्या भाच्यानं इंटरनेटवर शोधून दावली. पयला त्योच येतोय." कोण मेलेला चित्रकार, हे विश्वजितनं हसत विचारलं होतं, तो सगळंच हसत विचारायचा. प्रभुलिंग गाताडे, ते म्हणाले, तुम्हीच की लिवलंय वर, लिंगैक्य म्हणून. आणि मग विश्वजितनं त्यांना समजावून सांगितलं होतं. नंतर दिवसभर त्याला आठवत राहिलं ते हेच. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेल्या, गळ्यात लिंग बांधलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्यानं, गारगोटीच्या मराठ्याच्या पोरानं, खुर्ची पुढं ओढून समजावलं होतं की मामा, लिंगैक्य म्हणजे लिंगाशी एकरूप झालेला, मोठा भक्त, ती एक पदवी असते. मामांनी सगळं ऐकून घेतलं. तंबाखू ओठात ठेवली. मग ते बोलले.

ते गेल्यावर त्यानं पान उघडलं. सगळ्यात वर, त्यानंच निवडलेल्या जाड अक्षरांत: लिंगैक्य प्रभुलिंग गाताडे, कोल्हापूर. खाली कळंब्याच्या तळ्याचं चित्र. त्याच्या खाली ते वाक्य, ज्याच्यावर तो स्वतः खूश होता: रंगांशी लिंगैक्य झालेला माणूस. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शब्द खोडायला असं काय लागतं? त्यानं कर्सर शब्दाशेजारी नेऊन ठेवला. तो तिथं लुकलुकत राहिला, आणि विश्वजितच्या मनात पहिला विचार आला तो प्रभुलिंगचा नव्हता, त्याच्या बायकोचाही नव्हता. शब्द काढला तर शोधात पान खाली जाईल, हा होता. आणि तो विचार येताना त्याला स्पष्ट दिसला. चारचौघे बसले असताना घरातलंच कुणी उघडंबंब बाहेर यावं तसं त्याला झालं. त्यानं पान बंद केलं. शब्द तसाच राहिला.

हे काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं. पोटापाण्यासाठी तो लॉजवाल्यांच्या, मसालेवाल्यांच्या वेबसाइट करायचा. मित्रांचं मात्र मनापासून करतो असं सांगायचा, आणि तसं मानायचाही. एका बासरीवाल्याचं केलं, एका कवीचं केलं. ह्या दोघांना आता पुण्याहून, मुंबईहून बोलावणी येत होती, आणि विश्वा नसता तर आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं, असं ते चहा पिताना सगळ्यांसमोर म्हणायचे. शोधणारा माणूस काय टाइप करील ते आधी ओळखायचं, तो शब्द पानावर ठळक जागी बसवायचा, आणि मग दुसऱ्यांच्या पानांवरून आपल्या पानाकडं वाटा काढायच्या. जेवढ्या वाटा जास्त तेवढं पान वर. ह्या वाटा यंत्रानं निघत नाहीत, माणसांच्या पोटात शिरून निघतात, हे त्या दिवसांत कोल्हापुरात त्याच्याइतकं कुणाला कळलं नव्हतं. पुण्यातल्या, न्यू जर्सीतल्या ब्लॉग लिहिणाऱ्या मंडळींशी त्यानं ऑर्कुटवर ओळखी काढल्या. कुणाच्या मुलीची दहावी, कुणाच्या आईचा गुडघा, कुणाला बर्फ पडला की आठवणारा तांबडा रस्सा, सगळं त्याच्या ध्यानात राहायचं. आधी गुडघा, मग लिंक. आणि लिंकही अशी मागायची की देणाऱ्याला वाटावं आपण होऊन दिली. ही चौकशी खोटी असायची का? नसायची. त्या बाईच्या आईचा गुडघा बरा व्हावा असं त्याला खरंच वाटायचं. फक्त लिंक मिळाल्यावर गुडघ्याचं पुढं काय झालं हे त्यानं कधी विचारल्याचं आज त्याला आठवेना. आठवायचा प्रयत्न करत तो बराच वेळ बसून राहिला. एकही गुडघा आठवला नाही.

बोलणाऱ्याची बोरं खपतात, न बोलणाऱ्याचे आंबेही पडून राहतात, असं त्याची आई कौतुकानं म्हणायची. पोरगं गोड बोलतं म्हणून तिला कोण अभिमान. त्याला स्वतःला मात्र कॉलेजातच कळून चुकलं होतं की आपल्यापाशी खपवायला बोरंसुद्धा नाहीत. चित्रकलेच्या कॉलेजात तो नि प्रभुलिंग एकाच वर्गात. नव्वद-एक्क्याण्णवचे दिवस, दोघं सायकलवरून कळंब्याला जायचे, तळ्याच्या काठावर कागद लावून बसायचे. एकदा शेजारच्या जेलचा शिपाई काठी आपटत आला, हितं चित्रं काढाय बंदी हाय, उठा. विश्वजितनं त्याला गाव विचारलं. गाव निघालं गारगोटीच्या अलीकडचं. मग कुणाचे कोण, कुठल्या गल्लीतले, आणि थोड्या वेळानं शिपायानंच चहा आणून दिला. तेवढ्यात प्रभुलिंगचं तळं झालं होतं. तेव्हापासून त्यांचं ठरूनच गेलं. "तू बोल, मी काढतो," प्रभुलिंग म्हणायचा. विश्वजित बोलायचा, मासे धरणाऱ्यांशी, गुराख्यांशी, शिपायांशी, आणि त्याचा कागद तसाच कोरा पिशवीत परत जायचा. केव्हातरी त्यानं कागद नेणंच सोडलं. हे प्रभुलिंगच्या लक्षात आलं की नाही, त्याला कधी कळलं नाही. प्रभुलिंगला बोलणं जमायचंच नाही. पुढं तो पेठ वडगावच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला, एसटीनं जाऊन-येऊन करायला लागला, आणि सुटीदिवशी तळं काढत राहिला. दरवेळी तेच तळं, दरवेळी दुपारचं. एकदा पैसे साठवून त्यानं प्रदर्शन भरवलं. नातेवाईक आले, शाळेतले मास्तर आले, छान हाय म्हणाले, बटाटेवडा खाऊन गेले. संध्याकाळी विश्वजित पोचला तेव्हा हॉलमध्ये प्रभुलिंग एकटा बसला होता. कसं झालं विचारल्यावर वर बघून म्हणाला, "ह्या हॉलचा पंखा चांगला हाय." विश्वजितला ते फार लागलं. ह्याची चित्रं आपण जगाला दाखवायचीच, असं तेव्हाच त्याच्या मनात बसलं होतं. तेवढं तरी खरं होतं, आज तो स्वतःला सांगू लागला. मग ते वाक्यसुद्धा त्याला जुळवल्यासारखं वाटायला लागलं.

पान करायला घेतलं तेव्हा बिरुदाचा प्रश्न आला होता. कोल्हापुरात बोर्डावर नुसतं नाव जात नाही. वाढदिवसाचा फ्लेक्स असो नाहीतर सत्काराची पत्रिका, नावाच्या आधी काहीतरी लागतं. गल्लीतल्या टोणग्याच्या नावाआधीसुद्धा कसला तरी सम्राट, कसला तरी भूषण असतोच. नुसता 'प्रभुलिंग गाताडे' त्याला उघडा दिसायला लागला. चित्रसम्राट लिहिलं असतं तर प्रभुलिंगनं पायताण हातात घेतलं असतं. मग एक दिवस त्याच्याच घरी भाकरी मोडताना विश्वजितची नजर समोरच्या भिंतीवर गेली. प्रभुलिंगच्या वडिलांचा, अप्पांचा फोटो, आणि खाली अक्षरं: लिंगैक्य मल्लाप्पा गाताडे. त्याला वाटलं, हे तर घराण्यातच आहे. अप्पा पूजाअर्चा करणारे, त्यांना मठाकडून मिळालं असेल. शब्दही कसा वजनदार, इतर कुणाच्या पानावर नसलेला. त्यानं विचारलं नाही. ह्या घरात त्याला विचारायची गरज काय, तो घरचाच होता. कॉलेजपासून त्या फोटोखाली जेवत आला होता, पाणी कुठल्या कळशीतलं घ्यायचं ते त्याला माहीत होतं. अप्पा गेले त्या दिवशी सगळी धावपळ त्यानंच केली होती. अप्पांना बसतं केलं, फुलांनी सजवलं, बसत्या अवस्थेतच खड्ड्यात उतरवलं, स्वामींनी मंत्र म्हटले. संकेश्वरहून, निपाणीहून पाव्हणे आले होते. त्यांना पाणी दे, चपला सांभाळ, कोण कुणाचा जावई विचार, असं तो गर्दीत सगळीकडं होता. त्या दिवशी लिंगैक्य हा शब्द तिथं कितीतरी जणांनी उच्चारला असेल. तो तेव्हा बोलत होता.

आणि शब्द लागू पडला होता. प्रभुलिंग कॉम्प्युटरपाशी फिरकत नसे, त्यानं पान अजून बघितलंच नव्हतं. पान वर लावल्यापासून माणसं त्याच शब्दावरून येऊ लागली. बेळगाव, बेंगळूर, पुणे, सोलापूर. कुठला शब्द टाकून माणूस आला हे त्याला दिसायचं, आणि रोज सकाळी ते बघून तो मांडीवर थाप मारायचा. आता त्याला कळलं. ती माणसं आपापल्या घरातल्या गेलेल्यांसाठी चार शब्द शोधत होती. कुणाला पेपरात द्यायचं असेल, कुणाला फोटोखाली लिहायचं असेल, आणि विश्वजितनं त्यांच्यापुढं आपल्या जिवंत मित्राची चित्रं मांडून ठेवली होती. त्यातच सौंदर्या मॅडम होत्या. माहेर बेळगावचं, पुण्यात स्वतःचं लहानसं कलादालन. त्यांच्या मेल त्याला जवळजवळ पाठ होत्या. 'ही चित्रं आधी का पाहायला मिळाली नाहीत याची खंत वाटते.' ही त्याला दाद वाटली होती. 'कुटुंबाला सवड असेल तेव्हाच येईन.' हा पुणेरी शिष्टाचार. 'उरलेली चित्रं किती आहेत?' ह्या 'उरलेली'वर तर तो उडालाच होता, कारण त्यातून मागणी दिसत होती. आणि त्यानं उलट लिहिलं होतं, फार थोडी उरलीत, घरच्यांचा जीव त्यांत गुंतलेला आहे. एकेक वाक्य आता उलटून त्याच्याकडं बघायला लागलं. मॅडम रविवारी येणार होत्या. परवा.

संध्याकाळी तो उत्तरेश्वर पेठेत प्रभुलिंगकडं गेला. वाटेत सांगायची सुरुवात जुळवत गेला. थोडी विनोदी, थोडी स्वतःला शिव्या घालणारी. प्रभुलिंग बाहेरच्या सोप्यात चित्रं भिंतीला टेकवून एकेक काच पुसत होता. आत त्याच्या बायकोची, दानेश्वरीची, भांड्यांची आदळआपट चालू होती.

"परभ्या, एक घोटाळा झालाय," विश्वजित म्हणाला.

"म्हाईत हाय," प्रभुलिंग म्हणाला, आणि फडकं झटकलं. "गंगव्वा आक्काचा फोन आलता संकेश्वरास्नं. तिचा शिवकुमार बेंगळुरात हाय न्हवं कंपनीत, त्यानं मामाचं नाव टाकून बघितलं. मी हॅलो म्हटलं तर तिकडं नुसतं रडणं. मला वाटलं तिच्या घरात कायतरी झालं. मी आपलं इचारतोय, आक्का, कोण गेलं? कोण गेलं? तर म्हणती, तूच की रे."

तो हसला. विश्वजितही हसला, आणि मग दोघं थांबले.

"कधी आलता फोन?"

"झालं की आठवडा."

"आणि मला बोलला न्हाईस?"

प्रभुलिंग काचेवरचा एक डाग नखानं खरवडत राहिला. "तू म्हणलास पुण्याच्या बाई येणार हायत, उरलेली चित्रं बघाय. मला तवाच कळलं काय झालंय त्ये. म्हटलं येऊ देत. एकदा बघून जाऊ देत, मग सांगू." आणि विश्वजित काही बोलणार तेवढ्यात आवाज खाली आणून म्हणाला, "इतकी वर्सं जित्ता हुतो, विश्वा. कोण आलतं?"

ह्याला उत्तर होतं. आत्ता जाऊन शब्द काढतो, मॅडमना फोन करतो, असं म्हणायचं होतं. पण विश्वजितच्या छातीवरचं ओझं आपोआप उतरलं. प्रभुलिंगच म्हणतोय म्हटल्यावर आपण कोण, असं काहीतरी त्याच्या मनात सरकलं, आणि त्या हलकेपणाची त्याला इतकी शरम वाटली की तो मान वर करीना. "वैनींना म्हाईत हाय?" त्यानं विचारलं. "तिला कशाला सांगतोस," प्रभुलिंग म्हणाला. तेवढ्यात दानेश्वरीच दारात आली, हात पदराला पुसत. "भावजी, पुण्याच्या बाई जेवणार का ओ? का नुसता चाच करू?" तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. "तुमच्या हातचा चहा प्याल्या तर जेवण मागतीलच वैनी," विश्वजित म्हणाला. ती हसत आत गेली. एवढं झाल्यावरही आपल्या तोंडून हे कसं निघालं, ह्याचं त्याला घरी जाईपर्यंत नवल वाटत राहिलं.

रविवारी सौंदर्या मॅडम आल्या त्या पांढरी साडी नेसून. गाडी बोळाच्या तोंडाशी लावून चालत आल्या, चपला बाहेर काढल्या, आवाज खाली ठेवून नमस्कार केला. विश्वजितनं ठरवलं होतं की पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं. रात्रभर त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. मॅडम प्रभुलिंगकडं वळून म्हणाल्या, "आपण?" प्रभुलिंगनं विश्वजितकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि विश्वजितची जीभ उचलली गेली नि टाळ्याला लागली. "हे त्यांचे थोरले भाऊ," तो म्हणाला. "आता सगळं हेच बघतात." 'आता'वर आवाज जितका ओला व्हायला हवा तितकाच ओला झाला. प्रभुलिंगनं हात जोडले.

मॅडम जमिनीवरच बसल्या, चित्रांच्या समोर, आणि बघायला लागल्या. बघत राहिल्या. कोल्हापुरात असं कुणी बघत नाही. माणसं येतात, वा म्हणतात, विषय बदलतात. ह्या बाई एका चित्रापाशी थांबल्या की श्वाससुद्धा हळू घ्यायच्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "ह्या पाण्यात आकाश का नाही?"

विश्वजितनं तोंड उघडलं, पण बोलला प्रभुलिंग. "त्याला दुपारचं पाणी आवडायचं," तो म्हणाला. घसा खाकरला. "दुपारी पाण्यात आभाळ नसतंय. नुसता उजेड असतोय. त्यो म्हणायचा, सकाळ-संध्याकाळी तळं दुसऱ्याचं असतंय, ढगाचं, झाडाचं. दुपारीच काय त्ये सोताचं." आणि मग तो बोलतच राहिला. तो कसा बसायचा, कागद आधी का भिजवायचा, जेलच्या भिंतीची नुसती सावली का घ्यायचा, भिंत का घ्यायचा नाही. सगळं 'त्यो'. 'त्यो' मेलेला होता म्हणून प्रभुलिंगला त्याच्याविषयी बोलता येत होतं, न अडखळता, हात हलवत, डोळ्यांत एवढं पाणी आणून. विश्वजित ऐकत होता. त्याला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. सगळी दुनिया बोलती केली त्यानं, आणि ह्याला एकदाही विचारलं नव्हतं की पाण्यात आभाळ का नाही. त्याला उठून जावंसं वाटलं, आणि तो उठू शकला नाही.

"एकदा तरी भेटायला हवं होतं हो," मॅडम डोळे टिपत म्हणाल्या. मग विश्वजितकडं वळून, "त्यांच्या मिसेस आहेत ना? त्यांना भेटले असते."

"त्या गावाला गेल्यात," विश्वजित म्हणाला. क्षणसुद्धा लागला नाही.

दानेश्वरी आतल्या दारात उभी होती. हातात चहाचा ट्रे. केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. निदान 'त्यो, त्यो'पासून तरी असणार, कारण तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती पुढं आली, ट्रे खाली ठेवला. पहिला कप नवऱ्यापुढं सरकवला.

"मी कुठं गावाला गेलीया, भावजी?" ती म्हणाली. मग मॅडमपुढं कप ठेवला. "बाई, मेलेत म्हणून आलाय न्हवं तुम्ही? त्ये ह्येच. चा घ्या, गार हुईल."

मॅडमनी आधी तिच्या कुंकवाकडं पाहिलं, मग प्रभुलिंगकडं, आणि प्रभुलिंगनं मान खाली घातली तेव्हाच त्यांची खात्री पटली. त्या चिडल्या नाहीत. दानेश्वरीला हलक्या आवाजात कानडीत 'क्षमिसी' म्हणाल्या, माफ करा म्हणून, चहाचा एक घोट घेतला आणि उठल्या. विश्वजित त्यांच्यामागं बोळातून गाडीपर्यंत गेला. जाताना त्यानं सगळं सांगितलं: शब्दाचा घोटाळा, आपलं अडाणीपण, गूळवाले मामा, संकेश्वरचा फोन. फोनच्या गोष्टीला मॅडम ओठातल्या ओठात हसल्या. तेवढं त्यानं साधलं. "तुम्ही फार छान बोलता," त्या काच वर करता करता म्हणाल्या. "कळवते." कळवते म्हणजे काय, हे ह्या धंद्यात त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तो परत आला तेव्हा दानेश्वरी भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडाशी धरून. तो तिच्यासमोर खाली बसला. "वैनी, माझी जीभ झडायला पाहिजे होती," तो म्हणाला. "तुमचं मीठ खाऊन मी तुमच्याच कुंकवाला..." आणि इथं तो थांबला. जिथं थांबायला हवं तिथंच थांबला, आवाज जिथं कापायला हवा तिथंच कापला, आणि ते त्याला स्वतःला ऐकू आलं.

"पुरं करा की भावजी," दानेश्वरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "किती ग्वाड बोलता ओ."

काहीतरी वेडंवाकडं, खरखरीत, न जुळवलेलं बोलावं म्हणून तो आत शोधत राहिला, आणि सापडत होतं ते सगळं छानच होतं. प्रभुलिंग अजून चित्रांच्या समोर तसाच बसला होता. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि, ओरडून नाही, लहान मुलानं विचारावं तसं विचारलं.

"एवढी काय घाई हुती तुला?" तो म्हणाला. "बाई अजून बघत हुत्या."